रक्त काय सांगते, काय सांगत नाही

श्रोतेहो, आजारपणात हल्ली सर्वांत आधी काय होत असेल, तर रक्त तपासले जाते. दंडाला रबरी पट्टा बांधतात, सुई टोचतात, चमचा-दोन चमचे रक्त काढून घेतात, आणि संध्याकाळी आकड्यांनी भरलेला एक कागद आपल्या हाती पडतो. त्या कागदावर एखादा आकडा ठळक छापलेला नसला, की घरची मंडळी सुटकेचा श्वास सोडतात. "सगळं नॉर्मल आहे हो!" असे म्हणून कागद कपाटात जातो. आज मी ज्या विकाराविषयी बोलणार आहे त्यात हा सुटकेचा श्वास कधी कधी फार महागात पडतो. म्हणून या विकारात रक्त काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, एवढेच आज आपण नीट समजावून घेऊ.

हा विकार म्हणजे फुप्फुसांच्या रोहिण्यांत रक्ताच्या गुठळ्या कायमच्या अडकून बसणे आणि त्यामुळे तिथला रक्तदाब चढत जाणे. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. डॉक्टर मंडळी त्याचे आद्याक्षरी रूप करून 'सीटेफ' म्हणतात. आपणही तेच नाव वापरू.

आता 'रक्तदाब' म्हटले की दंडाला पट्टा गुंडाळून मोजतात तो दाब आपल्या डोळ्यांपुढे येतो. तो हृदयाच्या डाव्या बाजूचा. डावी बाजू साऱ्या शरीराला रक्त पुरवते; तिच्या भिंती जाड, दणकट असतात. उजव्या बाजूचे काम वेगळे. शरीरातून परत आलेले रक्त शेजारच्याच फुप्फुसांत ढकलायचे, एवढाच तिचा पल्ला. फुप्फुसांतल्या वाहिन्या रुंद, मऊ आणि असंख्य. त्यामुळे तिथला सरासरी दाब पाऱ्याच्या १४ मिलिमीटरांच्या आसपास असतो. दंडावरच्या दाबाशी ताडून पाहिला तर तो अगदीच किरकोळ. म्हणूनच उजव्या कप्प्याची भिंतही डावीच्या मानाने पातळ असते. सपाटीवरची हलकी गाडी ओढायची सवय असलेला बैल म्हणा ना! त्याच बैलाला उद्या भरल्या गाडीसह घाट चढायला लावले तर काय होईल? काही दिवस तो नेट लावील. त्याचे खांदे भरतील, पण पुढे तो थकेल, आणि एक दिवस बसकण मारील. सीटेफमध्ये उजव्या हृदयाचे नेमके असेच होते.

हा घाट निर्माण होतो कसा, ते पाहू. पाय मोडून प्लास्टरमध्ये आहे, मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा बाळंतपण नुकतेच झाले आहे, अशा वेळी पायाच्या खोल नीलांत रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती सुटली, रक्ताबरोबर वाहत उजव्या हृदयातून गेली आणि फुप्फुसाच्या रोहिणीत अडकली, म्हणजे एकाएकी धाप लागते, छातीत कळ येते. पायात तयार झालेली गुठळी अशी प्रवास करते हे रुडॉल्फ फिरखॉ या जर्मन वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. या अचानक होणाऱ्या आघातातून जो वाचतो त्याला रक्त पातळ ठेवणारी औषधे देतात. नवी गुठळी धरत नाही आणि जुनी गुठळी शरीर आपल्या आपण विरघळवून टाकते. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच संपते.

पण सर्वांच्या नाही. अशा आघातातून वाचलेल्या शंभर माणसांपैकी दोन-तीन जणांत गुठळी विरघळत नाही. ती वाहिनीच्या भिंतीला चिकटते, तिच्यात तंतू वाढतात, आणि पुढे ती गुठळी राहतच नाही. ती वाहिनीच्या आतले अस्तर होऊन बसते. पाटात साचलेला गाळ वेळीच निघाला तर निघाला. तो सुकून, त्यावर हरळी उगवून पाटाचा काठच बनला, म्हणजे पाण्याच्या लोटाने तो हलत नाही. त्यातलाच हा प्रकार. शिवाय उघड्या राहिलेल्या वाहिन्यांतून सारे रक्त जोराने जाऊ लागते, आणि त्या ताणाने त्यांच्या बारीक फांद्याही हळूहळू आखडतात. दाब अधिकच वाढतो.

आता रक्ताच्या साक्षीकडे वळू. पहिला साक्षीदार 'डी-डायमर'. रक्त साकळते तेव्हा फायब्रिन नावाच्या धाग्यांचे जाळे विणले जाते आणि त्याला जागोजाग गाठी बसतात. हे जाळे तोडण्याचे काम प्लाझ्मिन नावाचे द्रव्य करते. तोडलेल्या जाळ्याचा गाठीसकटचा एक तुकडा रक्तात उतरतो, तो डी-डायमर. म्हणजे डी-डायमर वाढलेला असेल तर शरीरात कुठेतरी ताजे जाळे विणले आणि तोडले जात आहे. ज्याच्याबद्दल डॉक्टरांना फारसा संशय नाही अशा माणसाचा डी-डायमर कमी निघाला, तर ताजी गुठळी नाही असे बहुधा निश्चिंतपणे म्हणता येते. तातडीच्या दवाखान्यात या तपासणीचा मोठा उपयोग होतो तो यासाठी.

पण सीटेफमध्ये हा साक्षीदार फसवा ठरतो. का, ते आता तुमच्या लक्षात आलेच असेल. जुनी गुठळी आता फायब्रिनचे जाळे राहिलेली नाही. ती कोलॅजेनच्या चिवट तंतूंची झाली आहे. प्लाझ्मिनला तोडायला तिथे फारसे काही उरलेलेच नाही, मग तुकडा रक्तात येणार कोठून? म्हणून फुप्फुसाच्या निम्म्या वाहिन्या बुजलेल्या असूनही डी-डायमर अगदी सरळ असू शकतो. "डी-डायमर चांगला आहे, तेव्हा गुठळी नाही" हे वाक्य ताज्या आघाताच्या वेळी खरे असेल. सहा महिन्यांनी दम लागणाऱ्या माणसापुढे ते उच्चारू नये.

दुसरा साक्षीदार अधिक कामाचा आहे, आणि त्याची हकीगतही ऐकण्याजोगी आहे. हृदय म्हणजे केवळ एक पंप, अशी फार काळ समजूत होती. १९८१ साली कॅनडात अडॉल्फो द बोल्ड या शास्त्रज्ञाने उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांना टोचला. पाहतो तो काय, त्या उंदरांच्या लघवीतून मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडू लागले! हृदय स्वतःच एक संप्रेरक तयार करते हे त्यातून उमगले. १९८८ साली जपानी शास्त्रज्ञांना त्याच कुळातले दुसरे द्रव्य डुकराच्या मेंदूत सापडले. मेंदूत सापडले म्हणून त्याच्या नावात मेंदू आला, आणि 'बीएनपी' हे नाव रूढ झाले. पुढे कळले की माणसात हे द्रव्य मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतच तयार होते. नाव मात्र तेच राहिले.

हृदयाच्या कप्प्याची भिंत ताणली गेली की तिच्या पेशी एक लांब साखळी तयार करतात. ती तुटून तिचे दोन भाग होतात: एक बीएनपी, जे काम करते, आणि दुसरा एनटी-प्रोबीएनपी, जो नुसताच रक्तात फिरत राहतो. काम न करणारा हा दुसरा तुकडा जास्त वेळ टिकतो, म्हणून तो मोजायला सोयीचा. त्याचे मोजमाप पिकोग्रॅममध्ये करतात. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा, आणि त्यांतल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करा. त्यांतला एक म्हणजे पिकोग्रॅम. इतके सूक्ष्म मोजमाप आज आपल्याकडच्या शहरगावच्या प्रयोगशाळांतही होऊ शकते.

सीटेफमध्ये उजवे हृदय जसजसे दमते तसतसा हा आकडा चढतो. म्हणजे बैलाला किती लागले आहे ते हा साक्षीदार सांगतो. पण गाडीत ओझे कशाचे आहे, ते मात्र तो सांगत नाही. हृदयाची डावी बाजू दुबळी झाली तरी हा आकडा वाढतो. मूत्रपिंडाच्या विकारात वाढतो. नुसत्या वयोमानानेही वाढतो. उलट अंगाने स्थूल माणसात तो अपेक्षेपेक्षा कमी दिसतो. आणि रोगाच्या सुरुवातीला, उजवा कप्पा अजून नेटाने ओझे ओढत असतो तेव्हा, तो सरळही असू शकतो. म्हणून हा आकडा एकट्याने वाचायचा नसतो.

दुसऱ्या गोष्टींच्या जोडीने वाचला तर तो किती उपयोगी पडतो, याचे एक उदाहरण देतो. हॉलंडमधील लाइडन येथील डॉक्टरांच्या पुढाकाराने फुप्फुसातील गुठळीच्या आघातातून वाचलेल्या ४२४ रुग्णांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. आधी रुग्णाची नीट विचारपूस करायची. ज्याच्याबद्दल शंका वाटेल किंवा ज्याला दम लागत असेल त्याचा ईसीजी काढायचा आणि एनटी-प्रोबीएनपी मोजायचा. दोन्ही निर्दोष असतील तर पुढची तपासणी नाही; एकात जरी खोट दिसली तरी ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र काढायचे, ज्याला आपण 'टूडी एको' म्हणतो. अशा रीतीने शंभरातल्या ८१ जणांना एकोची गरजच पडली नाही, आणि विकार नाही म्हणून ज्यांना निरोप दिला त्यांच्यात तो नंतर सापडण्याचा प्रकार अगदी विरळा. ४२४ पैकी १३ जणांना सीटेफ निघाला, आणि त्यांतल्या दहा जणांचे निदान चार महिन्यांच्या आत झाले.

या चार महिन्यांचे महत्त्व तुम्हाला कळावे म्हणून दुसरा एक आकडा सांगतो. युरोपातील अनेक केंद्रांनी मिळून सीटेफच्या ६७९ रुग्णांची नोंदवही ठेवली होती; ती २०११ साली प्रसिद्ध झाली. पहिले लक्षण दिसल्यापासून निदान होईपर्यंत त्या रुग्णांचे सर्वसाधारणपणे १४ महिने गेले होते. आणि चारांतल्या एकाला पूर्वी कधी फुप्फुसात गुठळी झाल्याचे ठाऊकच नव्हते! चौदा महिने माणूस "वय झालं", "वजन वाढलं", "दमा असेल" असे म्हणत राहतो, आणि तिकडे उजवा कप्पा फुगत असतो.

आता तिसरा साक्षीदार, किंवा साक्षीदारांचा एक गटच म्हणा. सर्वांच्या गुठळ्या विरघळतात, मग याच माणसाची का नाही, या प्रश्नावर तो थोडा उजेड पाडतो. रक्त साकळण्याच्या क्रियेत आठव्या क्रमांकाचा एक घटक असतो. तो नसला म्हणजे हिमोफिलिया होतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. व्हिएन्नातील डॉक्टरांनी २००३ साली दाखवले की सीटेफच्या शंभरातल्या चाळीसएक रुग्णांत हा आठवा घटक प्रमाणाबाहेर वाढलेला असतो. आणि शस्त्रक्रियेने दाब उतरल्यावरही तो चढलेलाच राहतो. अर्थात तो रोगाचा परिणाम नसून त्या माणसाच्या रक्ताची ठेवणच तशी असावी, असे मानायला जागा आहे. सीटेफच्या रुग्णांत 'ओ' गट सोडून इतर रक्तगटांची माणसे अधिक आढळतात, त्याचाही धागा इथेच जुळतो. आठव्या घटकाला रक्तात सांभाळून नेणारे व्हॉन विलेब्रांड नावाचे प्रथिन 'ओ' गटाच्या माणसांत सुमारे एक-चतुर्थांशाने कमी असते. पण आपला गट 'ए' किंवा 'बी' आहे म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. हे गट कोट्यवधी लोकांचे आहेत, आणि हा विकार अगदी थोड्यांना होतो.

या गटातला एक साक्षीदार मात्र उपचाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. काही माणसांचे शरीर स्वतःच्याच रक्तघटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्यांना 'अँटिफॉस्फोलिपिड' प्रतिपिंडे म्हणतात. सीटेफच्या सुमारे दहा टक्के रुग्णांत ती सापडतात. अशा रुग्णाला रक्त पातळ ठेवण्यासाठी नव्या गोळ्यांपेक्षा जुने वॉर्फरिनच्या जातीचे औषध बरे, असे आजचे मत आहे. एकदा ही प्रतिपिंडे सापडली तर बारा आठवड्यांनी पुन्हा तपासून खात्री करून घ्यावी लागते. आणि काही गोळ्या चालू असताना ही तपासणी चुकीचे उत्तर देते, म्हणून रक्त देताना आपण कोणते औषध घेतो ते प्रयोगशाळेत आवर्जून सांगावे. ज्यांची प्लीहा थॅलेसेमियामुळे किंवा अपघातात काढून टाकलेली आहे, त्यांनाही हा विकार होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक. तेव्हा डॉक्टरांशी बोलताना हा जुना इतिहास सांगायला विसरू नये.

एवढे सारे साक्षीदार झाले. पण निवाडा त्यांच्यापैकी कोणीच करीत नाही. सीटेफ आहे की नाही ते रक्ताच्या एकट्या तपासणीवर ठरत नाही. त्यासाठी आधी फुप्फुसांचा एक स्कॅन करतात. किंचित किरणोत्सारी द्रव्य हुंगवून हवा कुठे कुठे पोचते ते पाहतात, आणि तसेच दुसरे द्रव्य शिरेत टोचून रक्त कुठे कुठे पोचते ते पाहतात. हवा पोचते पण रक्त पोचत नाही असे तुकडे दिसले, म्हणजे तिथली वाट बुजलेली आहे. हा स्कॅन अगदी निर्दोष असेल तर सीटेफ जवळजवळ नाहीच म्हणावे. दोष दिसला तर बारीक नळी शिरेतून उजव्या हृदयात नेऊन दाब प्रत्यक्ष मोजतात. अशी नळी वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने १९२९ साली स्वतःच्याच हृदयात घालून घेतली होती. पुढे १९५६ साली त्याला दोघा सहकारी शास्त्रज्ञांच्या जोडीने नोबेल पारितोषिक मिळाले. सरासरी दाब २० मिलिमीटरांहून अधिक भरला, आणि निदान तीन महिने रक्त पातळ ठेवूनही अडथळे तसेच राहिले, म्हणजे निदान पक्के होते.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? गुठळी विरघळत नाही तर नाही. निदान करून तरी काय साधणार? श्रोतेहो, खरी मेख इथेच आहे. फुप्फुसांतला दाब वाढण्याची कारणे पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांवर औषधांनी केवळ वेळ मारून नेता येते. पण सीटेफ हा असा प्रकार आहे की, त्यातल्या पुष्कळ रुग्णांचा रोग शस्त्रक्रियेने मुळातूनच काढून टाकता येतो. १९८२ साली प्रागच्या डॉक्टरांनी जुन्या रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा ज्यांचा सरासरी दाब ५० च्या वर होता त्यांच्यापैकी पाच वर्षांनी दहांतला एकच हयात असल्याचे दिसले. आज ती स्थिती राहिलेली नाही.

ही शस्त्रक्रिया कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे १९७० पासून विकसित होत गेली. रुग्णाला कृत्रिम हृदय-फुप्फुस यंत्रावर घेतात, त्याचे शरीर १८ ते २० अंश सेल्सियसपर्यंत थंड करतात, आणि मग एका वेळी वीस मिनिटांपर्यंत रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात. तेवढ्या वेळात शस्त्रवैद्य रोहिणीच्या आत चिकटलेले ते अस्तर फांदीफांदीतून सोलून बाहेर काढतो. काढलेला तुकडा टेबलावर ठेवला तर झाडाच्या मुळीसारखा दिसतो. सरावलेल्या केंद्रांत या शस्त्रक्रियेत दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरात पाचांहून कमी आहे. ज्यांच्या वाहिन्या फारच बारीक जागी बुजल्या आहेत त्यांच्यासाठी फुग्याने वाट रुंद करण्याचा उपाय आहे. तो जपानी डॉक्टरांनी विशेष परिश्रमाने सुधारला. रिओसिग्वाट नावाची गोळीही २०१३ पासून उपलब्ध झाली आहे. भारतातही मोजक्या मोठ्या केंद्रांत ही शस्त्रक्रिया होते. आणि ती यशस्वी झाली म्हणजे आपला दुसरा साक्षीदार, एनटी-प्रोबीएनपी, पुन्हा बोलू लागतो. त्याचा आकडा उतरतो, म्हणजे बैल घाटातून सपाटीवर आला! निदानापेक्षाही अशा देखरेखीच्या कामी या खुणेचा अधिक भरवसा वाटतो. कारण त्याच माणसाचा आजचा आकडा त्याच्याच कालच्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

म्हणून शेवटी दोन-तीन साध्या गोष्टी सांगतो. तुमच्या घरी कोणाला फुप्फुसात गुठळी झाली असेल, तर तीन महिन्यांनी त्याला एक प्रश्न अवश्य विचारा: पूर्वी ज्या जिन्याला दम लागत नव्हता त्याला आता लागतो का? उत्तर 'होय' असेल तर रक्ताचे कागद कसेही असोत, डॉक्टरांकडे जा आणि "गुठळी पूर्णपणे गेली आहे का, हे स्कॅन करून पाहता येईल का?" असे स्पष्ट विचारा. गुठळी कधी झालीच नव्हती, पण कारणावाचून दम वाढतो आहे, पाय सुजतात, चालता चालता भोवळ येते, अशी तक्रार असेल तरीही हा विकार डॉक्टरांच्या मनात आणून द्यायला संकोच करू नका. रक्त पातळ ठेवणारे औषध आपल्या मनाने बंद करू नका. सीटेफ ठरला तर ते जन्मभर घ्यावे लागते. आणि जुने कागद जपून ठेवा, कारण सुटा आकडा फारसे बोलत नाही. ओळीने लावलेले आकडे पुष्कळ काही बोलतात.

रक्त खोटे बोलत नाही. पण त्याला जेवढे विचारावे तेवढेच ते सांगते. प्रश्न विचारायचे काम माणसाचेच आहे, आणि तो वेळेवर विचारला तर या एका आजारात तरी पुष्कळांना आपला जिना पुन्हा न थांबता चढता येईल.